माया धरून

इनास मेस्तने ओमनीचं पुढचं डावं चाक काढलं,
टॉर्च माझ्या हातात दिली, म्हणाला,
"पळय बाय, टोपी पिंजल्या."

टोपी म्हणजे बॉल जॉइंटवरचं रबर,
लिंबाएवढं,
खालच्या कडेला फाटून लोंबणारं,
आणि फटीतून डोकावणारं ग्रीस
आमच्या कुडचड्याच्या रस्त्याच्या रंगाचं.

तीन वर्षं या गाडीतून
सांग्याला, केप्याला शाळांचे गणवेश पोचवले,
खाणीच्या ट्रकांमागून, काचा वर करून.
मला वाटायचं, धूळ लागते ती फक्त कापडाला.

दुसऱ्या दिवशी मडगाव.
प्रियोळकरांनी काउंटरवर टोप्या ओतल्या
बिब्ब्यांसारख्या.
सगळ्या काळ्या, सगळ्या "चालतील हो".
"युनिव्हर्सल आहे, कुठल्याही गाडीला बसते."
ब्लाउजांच्या दुकानात याला फ्री साइझ म्हणतात.
फ्री साइझ घालून गेलेल्या बायका
आठवड्याने माझ्याकडे येतात.

मी पर्समधून टेप काढली.
गोदामातला पोरगा हसला, हसू दे.
वरचं तोंड तेरा मिलिमीटर,
दांड्याला गळपट्टीसारखं आवळून बसायला हवं.
खालचा घेर एकतीस.
दोन्ही आकडे मेस्तने बिडीच्या पाकिटावर लिहून दिलेले.
उंची लिहिली नव्हती.

उंचीपाशी अडले.
आखूड घेतली तर बरोब्बर बसेल, दिसेलही छान,
आणि दाभाळच्या वळणावर चाक पुरतं फिरलं की उसवेल,
सरळ उभ्या बाईच्या मापाने शिवलेली चोळी
दोरीवर कपडे घालताना काखेत उसवते तशी.
उंच घेतली तर चुण्या पडतील,
चुणी चुणीला घासत राहील,
आणि रबर स्वतःलाच खाईल.
गुलाबबाय, जिच्याकडे मी सुई धरायला शिकले,
कात्री लावण्याआधी दर वेळी विचारायची:
माया किती धरलीस?

एक लाल होती, पॉलियुरेथेनची, दुप्पट किमतीची.
दाबली, लगेच वर आली, ताठ पोरीसारखी.
पण खालच्या कडेला रिंगेसाठी खाच नव्हती.
नाडी नाही तर परकर कशाला राहील कमरेवर?
काळ्यांतल्या दोन निवडल्या, खाचेच्या,
बसवल्यावर एकच सैल घडी पडेल अशा.
"दोन? फाटली एकच ना?"
बाही कधी एक बदलतात का, मी म्हटलं.
प्रियोळकरांनी रिंगा कागदात बांधून दिल्या.

गॅरेजात मेस्तने डावीकडचं जुनं ग्रीस
चिमटीत घेतलं, माझ्या कानाशी धरलं, बोटं चोळली.
"आयक."
कर्र.
मग पहार घालून आर्म उचलला,
आणि सांधा हलला, टकटक,
दुधाच्या दातासारखा.
"आतां टोपी घालून कितें करतली?
भितर गेल्ली धूळ टोपयेक भियेना."

म्हणजे डावीकडे आख्खा आर्म नवा,
सव्वीस स्कर्टांची शिलाई गेली त्यात.
नव्याबरोबर त्याची टोपी आलेली.
उजवीकडचं रबर नुसतं तडकलं होतं,
आतलं ग्रीस अजून मधासारखं.
तिथे माझी बसली.
मेस्तने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं,
मी फिरवलं, तो खाली वाकून बघत राहिला बराच वेळ,
काहीच बोलला नाही.
मी विचारलं, बरोबर आहे ना?
तर म्हणाला, "तूं शिवतना अशेंच विचारतात काय तुका?"

दुसरी टोपी बटणांच्या डब्यात पडून आहे.
काल फ्रॉकचं माप द्यायला आलेल्या झेलमाने
तीच नेमकी उचलली,
बोटावर चढवली, वाकवली, पुन्हा वाकवली.
"हें कसलें बटण?"
गुडघ्याचं, म्हटलं. हात वर कर बघू.
आणखी वर.